शेवटच्या भोंग्याचा हिशेब

(महाड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्यांनी मजकूर नजरेखालून घातला असून अर्धवट राहिलेली वाक्ये पुरी केली आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय फलकावर वाचून आमच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी फोन केले. एकाने विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून वायरिंगचं काम कधीपासून सुरू केलंत?" प्रश्न रास्त आहे. आम्ही चाळीस वर्षं तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवली. हातात स्क्रूड्रायव्हर धरला तर घरचे लोक काळजीत पडतात. तेव्हा आज आम्ही अभियंता म्हणून बोलत नाही. आम्ही एका कागदाची समीक्षा करणार आहोत. कवितासंग्रहाची करतात तशीच. कागद एकपानी आहे, त्यावर चार ओळी आहेत, खाली शिक्का आहे, आणि शिक्क्याशेजारी आमची सही आहे. सहीची गोष्ट पुढे येईलच.

कागद आहे आगीची सूचना देणाऱ्या भोंग्यांच्या वायरिंगचा. वायरमन मंडळी ज्याला 'व्होल्टेज ड्रॉप' म्हणतात, त्याचा हिशेब. पॅनेलमधून निघालेला विजेचा दाब शेवटच्या भोंग्यापर्यंत जाताना किती कमी होतो, आणि उरलेल्या दाबावर तो भोंगा वाजेल की नाही, एवढाच प्रश्न. गणित सातवी-आठवीतलं आहे. पण या गणितात माणसं कुठे उभी आहेत ते पाहिलं, की ते तेवढं सोपं राहत नाही.

सुरुवात आमच्या ओळखीच्या जागेपासून करू. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचं उदाहरण आपल्या न्यायशास्त्रात शेकडो वर्षं चालत आलं आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वार्थ आणि परार्थ. मला स्वतःला धुरावरून अग्नी कळला, ते स्वार्थानुमान. तेच दुसऱ्याला पटवून द्यायचं असेल तर परार्थानुमान. त्याला प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या लागतात. स्वतःला कळायला एक क्षण पुरतो, दुसऱ्याला कळवायला पाच पायऱ्या लागतात, हे त्या जुन्या लोकांनी ओळखलं होतं.

आता आगीची यंत्रणा बघा. छताला लावलेला डिटेक्टर धूर ओळखतो आणि पॅनेलला कळवतो. पॅनेलवर लाल दिवा लागतो. इथवर झालं ते स्वार्थानुमान. यंत्राला कळलं. इमारतीत झोपलेल्या माणसाला अजून काहीच कळलेलं नाही. त्याला कळवण्यासाठी पॅनेलमधून वेगळी तार निघते, तिच्यावर भोंगे आणि चमकदिवे बसवलेले असतात. हे परार्थ. डिटेक्टर किती चांगला, कोणत्या कंपनीचा, किती संवेदनशील यावर आपण बैठकाच्या बैठका घेतो. या दुसऱ्या तारेवर मात्र आपण चार ओळींचा कागद मागतो आणि फाईलला लावतो.

ही तार काम कशी करते ते विजेचं शिक्षण न घेतलेल्यांसाठी सांगतो. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा आळीच्या तोंडाशी राहणाऱ्याची बादली धो धो भरते. आळीच्या शेवटच्या घरात धार बारीक होते. त्यात मधल्या घरांनी नळ सोडले असतील तर शेवटच्या नळाला नुसती हवा. पाइप लांब, पाइप अरुंद, आणि मधले नळ उघडे, ही तीन कारणं. तारेचंही तसंच. तार लांब असेल, बारीक असेल, आणि मधले भोंगे वीज ओढत असतील, तर शेवटच्या भोंग्याला दाब कमी मिळतो. गेओर्ग ओहमने १८२७ साली बर्लिनमध्ये छापलेल्या पुस्तकात हा नियम मांडला: दाबातली घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. एवढ्या दोन गोष्टींचा गुणाकार.

आता कागदाकडे येऊ. आमच्या तालुक्यातल्या एका विद्यार्थी वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर आम्ही काही वर्षं आहोत. वसतिगृहाचं नाव सांगत नाही, काम करणाऱ्या ठेकेदाराचंही सांगत नाही. त्यांना जाहीर फटके मारायला आम्ही इथे आलेलो नाही, आणि मारायचेच झाले तर पहिला फटका आम्हांला बसायला हवा. इमारत लांबट आहे. फाटकाजवळच्या कचेरीत पॅनेल. तिथून पन्नास मीटरवर पहिला भोंगा. मग व्हरांड्याने दर पंधरा मीटरवर एक, असे आणखी आठ. आणि दहावा भोंगा मागच्या अंगणापलीकडे, चाळीस मीटरवर, स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, पत्र्याची. तिथे स्वयंपाक करणाऱ्या दोघी मावशी राहतात.

कागदावरच्या चार ओळी अशा होत्या. पहिली: पुरवठा २४ व्होल्ट. दुसरी: दहा भोंगे, प्रत्येकी ८० मिलिअँपिअर, एकूण ०.८ अँपिअर. तिसरी: केबल दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, लांबी २१० मीटर, रोध किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणून २.५४ ओहम, म्हणून घट २.०३ व्होल्ट. चौथी: शेवटी २१.९७ व्होल्ट, घट दहा टक्क्यांच्या आत, ठीक.

वाचायला किती नीटनेटकं आहे! गुणाकार बरोबर आहेत. १२.१ हा आकडाही बरोबर आहे, दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा वीस अंश तापमानाला तेवढाच रोध असतो. आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो की युक्तिवाद आकाराने निर्दोष असला तरी गृहीतकं चुकीची असली तर निष्कर्षाला किंमत नाही. पण शिक्का मारलेला कागद समोर आला तेव्हा आम्ही तो एखाद्या भाबड्या माणसासारखा वाचला. आकडे दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत असले की आपल्याला वाटतं, कुणीतरी विचार केलेला आहे.

ओळीओळीने पाहू.

तिसरी ओळ आधी घेऊ, कारण तिथली चूक सर्वांत ढोबळ. वीज जाते तशी परतही येते. केबलमध्ये दोन तारा असतात, एक जायची, एक यायची, आणि दोन्ही तारांमध्ये दाब खर्च होतो. २१० मीटर लांबीच्या केबलमध्ये तार ४२० मीटर आहे. कागदाने फक्त जाणं मोजलं. नुसत्या या चुकीने घट निम्मी दिसली.

दुसरी ओळ. ८० मिलिअँपिअर हा आकडा भोंग्याला पूर्ण २४ व्होल्ट मिळत असतानाचा. पण चमकदिवा असलेल्या बऱ्याच आधुनिक भोंग्यांच्या आत एक नियामक असतो. दाब कमी झाला तरी प्रकाश आणि आवाज तेवढाच राहावा म्हणून तो जास्त प्रवाह ओढतो. म्हणजे दाब घटला की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तारेतली घट वाढते, आणि दाब आणखी घटतो. माहितीपत्रकात त्यासाठी 'जास्तीत जास्त प्रवाह' असा वेगळा आकडा छापलेला असतो. आमच्या भोंग्याचा तो आकडा होता १२० मिलिअँपिअर. हिशेब त्यावर करायचा असतो. कागदाने सोयीचा आकडा घेतला.

पहिली ओळ. २४ व्होल्ट. हे या कागदातलं सर्वांत निरागस वाक्य, आणि सर्वांत घातक. आगीच्या यंत्रणेला पॅनेलच्या पेटीत दोन बॅटऱ्या असतात, बारा-बारा व्होल्टच्या, एकामागे एक जोडलेल्या. त्या कशासाठी? वीज गेल्यावरही भोंगा वाजावा म्हणून. बॅटरी संपत येते तेव्हा तिचा दाब उतरतो. म्हणून जाणते अभियंते हिशेबाची सुरुवात २४ वर करत नाहीत. २४ च्या ८५ टक्क्यांवर करतात, म्हणजे २०.४ व्होल्टवर. बॅटरीच्या सर्वांत वाईट वेळी काय होईल, असा तो प्रश्न आहे. कागदाने बॅटरीच्या सर्वांत चांगल्या वेळी काय होईल ते विचारलं.

आता हाच हिशेब नीट करू, टप्प्याटप्प्याने. जायची-यायची धरून तारेचा रोध मीटरला ०.०२४२ ओहम. पॅनेलपासून पहिल्या भोंग्यापर्यंत पन्नास मीटर, रोध १.२१ ओहम, आणि या टप्प्यातून दहाही भोंग्यांची वीज जाते, १.२ अँपिअर. घट १.४५ व्होल्ट. पुढे पंधरा-पंधरा मीटरचे आठ टप्पे. प्रत्येक टप्प्यावर एकेक भोंगा मागे राहतो, म्हणून प्रवाह १.०८, ०.९६, ०.८४ असा उतरत जातो. आठही टप्प्यांची मिळून घट १.९२ व्होल्ट. शेवटचा चाळीस मीटरचा टप्पा, एकाच भोंग्याची वीज, घट ०.१२ व्होल्ट. एकूण ३.४९ व्होल्ट. २०.४ मधून वजा करा. स्वयंपाकघरातल्या भोंग्याला १६.९ व्होल्ट. आणि त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे: किमान १८ व्होल्ट.

यात कोकणातला उन्हाळा धरलेला नाही. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. पत्र्याखालून गेलेली केबल चाळीस अंशांवर असेल तर घट ३.७६ होते, आणि शेवटी उरतात साडेसोळा-पावणेसतरा व्होल्ट.

म्हणजे ज्या कागदावर २१.९७ लिहिलं होतं, तिथे खरं उत्तर १६.९ आहे. पाच व्होल्टचा फरक. आणि यात गुणाकाराची चूक एकही नाही.

याच्या उलट टोकाची एक पद्धत आहे, तिच्यावरही बोललं पाहिजे, नाहीतर समीक्षा एकांगी होईल. काही जण सगळे दहा भोंगे तारेच्या शेवटच्या टोकाला एकत्र टांगले आहेत असं समजून हिशेब करतात. आमच्या वसतिगृहात तसं केलं तर घट येते ६.१ व्होल्ट आणि शेवटी १४.३. ही पद्धत भित्री आहे. ती कुणाचा जीव घेत नाही, पैसे घेते. पण तिचा खरा दोष वेगळा आहे. ती एकच आकडा देते. दाब कुठल्या टप्प्यात गेला हे सांगत नाही. टप्प्याटप्प्याने मोजलं तेव्हा आम्हांला दिसलं की जवळजवळ दीड व्होल्ट पहिल्याच पन्नास मीटरमध्ये जातात, जिथे एकही भोंगा नाही. आणि शेवटच्या चाळीस मीटरमध्ये जेमतेम ०.१२. आम्हां विश्वस्तांचा समज काय होता? "स्वयंपाकघर लांब आहे हो, म्हणून तिथे कमी पोचतं." हा समज खोटा निघाला. त्या टोकाला कमी मिळतं ते त्यांच्या लांब असण्यामुळे थोडं, आणि आधीच्या सगळ्यांचं ओझं वाहून आणणारी तार बारीक असल्यामुळे जास्त.

चौथी ओळ राहिली. "घट दहा टक्क्यांच्या आत, ठीक." हा टक्क्यांचा ठोकताळा घरच्या दिव्या-पंख्यांच्या वायरिंगमधून इकडे आलेला आहे. तिथे चालतो. पंखा थोडा हळू फिरला तर कुणी मरत नाही. पण टक्केवारी विचारते की तारेत किती गेलं. किमान व्होल्टेज विचारतं की त्या टोकाला पुरेसं पोचलं का. दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी बसतात, म्हणून एकसारखे वाटतात. कागदाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन दुसऱ्यासमोर 'ठीक' लिहिलं.

यावर कुणी म्हणेल, सर, कागद जाऊ द्या, प्रत्यक्ष वाजवून बघितलं की नाही? बघितलं ना! दर सहामाहीला बघतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावा लागतो. फॉर्म बी म्हणतात त्याला. माणूस येतो, कळ दाबतो, दहाही भोंगे ठणठणीत वाजतात, मुलं कानांवर हात ठेवून हसतात, चहा होतो, दाखला होतो.

इथे आम्हांला पुन्हा न्यायशास्त्र आठवतं. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे बरोबर. पण अग्नी असेल तिथे धूर असतो, हे चुकीचं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. न बोललेली ही जी अट आहे, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. "चाचणीत वाजला, म्हणून आगीत वाजेल" या अनुमानात अशी एक उपाधी लपलेली आहे: मेन सप्लाय. चाचणी दुपारी होते, वीज चालू असताना होते. तेव्हा चार्जर बॅटऱ्यांना भरत असतो आणि तारेवर २७ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यातून साडेतीन गेले तरी २३ उरतात. वाजणारच. ही चाचणी नापास होणं जवळजवळ अशक्य आहे, आणि नापास होऊ न शकणाऱ्या परीक्षेला आम्ही तरी परीक्षा म्हणत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे पॅनेलवरचा हिरवा दिवा. भोंग्यांच्या तारेच्या शेवटी एक छोटा रोधक बसवलेला असतो. पॅनेल त्यातून रात्रंदिवस अगदी बारीक प्रवाह खेळवत असतं. तार कुठे तुटली तर तो प्रवाह थांबतो आणि पॅनेल तक्रार करतं. उत्तम सोय आहे. पण तो प्रवाह इतका बारीक असतो की त्याने घट अशी काही होतच नाही. हिरवा दिवा एवढंच सांगतो की तार अखंड आहे. वेळ आली तर ती भार पेलेल, असं तो सांगत नाही. तार अखंड असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. आवश्यक अट आणि पर्याप्त अट यांतला फरक आम्ही दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवायचो. त्या हिरव्या दिव्यासमोरून आम्ही सहा वर्षं ये-जा केली.

हे सगळं आम्हांला कळलं ते आमच्या हुशारीने नाही. पोलादपूरचा एक तरुण वायरमन दुसऱ्याच कामासाठी आला होता. पॅनेलची पेटी उघडी दिसली म्हणून त्याने बॅटऱ्यांवरची तारीख वाचली आणि म्हणाला, "सर, ह्या जुन्या झाल्यात. मेन बंद करून कधी वाजवून बघितलंय का?" आम्ही म्हटलं, दरवर्षी दोनदा चाचणी होते. तो म्हणाला, "ती नाही ओ. मेन पाडून. एक दिवस तसंच ठेवून." शनिवारी संध्याकाळी त्याने मेन बंद केलं. रविवारी संध्याकाळी आला, आम्हांला म्हणाला, "पॅनेलपाशी उभं राहून काय कळणार? तुम्ही मागे चला." एका विद्यार्थ्याने पुढे कळ दाबली. व्हरांड्यातले भोंगे वाजले. स्वयंपाकघरातला गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला. चमकदिवा लागलाच नाही. त्याने मल्टिमीटर लावला. पॅनेलवर २१.१, इथे १७.४.

दोघी मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. थोरल्या मावशींनी विचारलं, "हा असाच वाजायचा का?" आम्ही काय उत्तर द्यावं? त्यांना वाटलं होतं की या भोंग्याचा आवाजच तसा असेल.

पुढच्या बैठकीत विषय मांडला. एक सहकारी म्हणाले, दहापैकी नऊ वाजतायत, नव्वद टक्के म्हणजे काही वाईट निकाल नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांनी या संस्थेसाठी उन्हातान्हात वर्गण्या गोळा केलेल्या आहेत. पण परीक्षेच्या निकालाची टक्केवारी त्यांनी अशा ठिकाणी लावली जिथे ती लागत नाही. नव्वद टक्के भोंगे वाजले म्हणून दहावी खोली नव्वद टक्के जागी होत नाही. आम्ही त्यांना हे सांगितलं, आणि मग फाईल उघडून त्या कागदावरची आमची सही दाखवली. त्यांना 'नव्वद टक्के' म्हणायची सवय आमच्यासारख्यांच्या सहीनेच लावलेली आहे.

तर्कशास्त्रातला एक योगायोग इथे सांगण्याजोगा आहे. धूर आणि अग्नी यांचं साहचर्य कुठे पाहिलं, या प्रश्नाला जुन्या ग्रंथांतलं ठरलेलं उत्तर आहे: स्वयंपाकघरात. अनुमानाचा पायाच तिथे घातला जातो. आणि आजही इमारतीत आग लागण्याचा संभव जास्त कुठे, तर जिथे गॅस आहे, तेल आहे, तिथे. धूर तिथे रोजचाच, म्हणून स्वयंपाकघरात धूर ओळखणारा डिटेक्टर सहसा बसवत नाहीत, उष्णता ओळखणारा बसवतात. इतका विचार डिटेक्टरचा केलेला असतो. भोंगा मात्र तारेच्या शेवटी.

आता थोडं या हिशेबाच्याही पलीकडे. समजा शेवटच्या भोंग्याला १८ व्होल्ट मिळाले आणि तो वाजला. काम झालं? आपल्याकडच्या भारतीय मानक २१८९ मध्ये अपेक्षा आहे की आवाज ६५ डेसिबल असावा, किंवा आजूबाजूच्या आवाजापेक्षा पाच डेसिबल जास्त, आणि झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर उशाशी ७५. व्होल्टचा हिशेब भोंग्याच्या स्क्रूपाशी संपतो. तिथून कानापर्यंतचा रस्ता बाकी असतो. जुलैत महाडचा पाऊस पत्र्यावर कोसळत असतो तेव्हा त्या खोलीत शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं. तो पाऊस कुठल्याच कागदावर नव्हता. आम्ही स्वतः तिथे पावसाळी रात्री कधी उभे राहिलो नव्हतो.

मंडळी, हे सगळं आम्ही महाडमध्ये बोलतो आहोत, पुण्यात नाही. ३ नोव्हेंबर २०२३ ला आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार बेपत्ता झाले. इथल्या कितीतरी घरांनी तो दिवस पाहिला. तिच्या कारणांवर आम्ही बोलणार नाही, ते आमचं काम नाही. पण त्यानंतर या गावात 'आगीचा भोंगा' हा शब्द कुणी हसत उच्चारू नये, एवढं म्हणायचा आम्हांला हक्क आहे. २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. बाजारपेठ पाण्याखाली, वीज गेलेली, मोबाइल मुके. त्याच दिवशी तळीयेवर दरड आली. सूचना सर्वांत जास्त लागते तेव्हाच मेन सप्लाय नसतो, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. २४ व्होल्ट गृहीत धरणारा कागद महाडमध्ये तरी मान्य होता कामा नये.

आणखी एक गोष्ट, जपून सांगतो, कारण तुलना ताणली की खोटी होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला. आपल्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, शिक्का होता, विचारलं असतं तर कुणीही 'ठीक' म्हटलं असतं. तळ्यापर्यंत मात्र काहीच पोचलेलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्याकडे चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाची पहिली खरी परीक्षा झाली, आणि ती किती महागात पडली ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे मधे तार नव्हती, माणसं होती, आणि माणसांनी घातलेली अडवणूक ही तांब्याच्या रोधासारखी निष्पाप नसते. म्हणून तुलना इथेच थांबवतो. घ्यायचं ते एवढंच: ठराव कुठून निघाला हे तपासून भागत नाही, जिथे पोचायचा तिथे उभं राहून बघावं लागतं. हे या गावाने साऱ्या देशाला दाखवलेलं आहे. आपणच विसरलो तर कसं चालेल?

आता उपाय, कारण नुसती समीक्षा करून घरी जाणं बरं नाही. त्या वायरमनने दोन मार्ग सांगितले. एक, केबल अडीच चौरस मिलिमीटरची घालायची. तिचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. घट ३.४९ वरून २.१३ वर येते, शेवटी १८.२७ उरतात. उत्तीर्ण, पण काठावर. दुसरा, भोंग्यांचे दोन गट करायचे, पुढच्या पाचांना एक तार आणि मागच्या पाचांना पॅनेलपासून स्वतंत्र तार. जुन्याच जाडीच्या केबलवर तसं केलं तर १८.०८. तोही काठावर, उन्हाळ्यात नापास. दोन्ही एकत्र केलं तर शेवटी जवळजवळ १९ व्होल्ट मिळतात, उन्हाळा धरूनसुद्धा १८.९. आम्ही दोन्ही केलं. बॅटऱ्या बदलल्या. मावशींच्या खोलीत उशापाशी वेगळा भोंगा लावला आणि त्याचा भार हिशेबात धरून सगळं पुन्हा मोजलं. खर्च झाला. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा कमी झाला, हेही सांगून ठेवतो.

आपल्यापैकी कुणी सोसायटीचे पदाधिकारी असतील, कुणी शाळेचे, कुणी कारखान्यात असतील. तुमच्यासमोर असा कागद आला तर तो वायरिंग न शिकताही वाचता येतो. विचारा: सुरुवात किती व्होल्टवर धरली आहे? प्रवाहाचा आकडा साधा की जास्तीत जास्त? तार एकेरी मोजली की दुहेरी? शेवटच्या भोंग्याला किमान किती लागतं आणि त्याला किती मिळतं? आणि मग मेन बंद करून, चोवीस तास थांबून, शेवटच्या भोंग्याखाली उभे राहा. पॅनेलपाशी नको.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, हे काम तज्ज्ञांचं आहे. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही?)

ठेवायचा. तो वायरमनही तज्ज्ञच होता की. आमचं म्हणणं असं की विश्वास ठेवणं आणि न वाचता सही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही आयुष्यभर प्रबंध तपासले. न वाचता एकाही प्रबंधावर सही केली नाही, याचा आम्हांला अभिमान होता. आणि जिथे दोन बायकांचा जीव टांगलेला होता तो एकपानी कागद आम्ही वाचला नाही, कारण त्यात तत्त्वज्ञान नाही असं आम्हांला वाटलं.

(प्रश्न: आता वाजतो का तो भोंगा?)

वाजतो. गेल्या महिन्यात मेन पाडून वाजवला. थोरल्या मावशी म्हणाल्या, "कान फुटले की ओ!" आम्ही म्हटलं, फुटू द्या.